दोन महिन्यांचा अभ्यास आणि कोकणातले हंगामी आजार : एक पार्श्वभूमी

अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही ठिकाणी आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत आणि तिन्ही या दशकातली आहेत. चिपळूणजवळच्या डेरवणचं वालावलकर महाविद्यालय थोडं आधीचं, २०१५ सालचं. म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत मुंबई-ठाणे-पनवेलचा पट्टा सोडला, तर खाली गोव्याच्या हद्दीपर्यंत एमबीबीएस शिकायची सोयच नव्हती. मुलं शिकायला मुंबई-पुण्याला जात, आणि जड झालेला रुग्णही तिकडेच जाई. आता दुसऱ्या वर्षाची मुलं इथेच वॉर्डात उभी असतात आणि दरवर्षी सरांना विचारतात, "सर, एसटीएसला विषय काय घेऊ?" (एसटीएस म्हणजे विद्यार्थ्यांसाठीची दोन महिन्यांची संशोधन योजना.) बऱ्याचदा उत्तर म्हणून एक प्रश्नावली पुढे येते : वसतिगृहातल्या मुलांचा मोबाइलवापर आणि झोप. असा अभ्यास पुण्यात होतो, नागपुरातही होतो, त्यासाठी कोकणात असण्याची गरज नाही. इथे काय करता येईल हे समजायचं तर थोडं मागे जावं लागतं.

मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं. तिथून १८५१मध्ये पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते, मूळचे गोव्यातल्या पेडण्याजवळच्या मांद्र्याचे. वैद्यकीय शिक्षणाच्या आधीच त्यांनी काठेवाड-कच्छमधल्या बालिकाहत्येवर निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं. विद्यार्थिदशेतलं संशोधन म्हणायचं तर त्यालाच म्हणावं लागेल. पुढे त्यांनी कुष्ठरोगावर कडू कवठाच्या बियांचं तेल वापरून पाहिलं. हे झाड सह्याद्रीच्या उतारावरचं, कोकणातल्या माणसाच्या ओळखीचं. पण औषधाचा तपशील त्यांनी बराच काळ उघड केला नाही, त्यावर टीकाही झाली, आणि १८७४मध्ये ते गेले. पुढे याच जातीच्या झाडांचं तेल, १९४०च्या दशकात डॅप्सोन येईपर्यंत, जगभर कुष्ठरोगावरचं मुख्य औषध राहिलं. निरीक्षण चांगलं असलं तरी ते दुसऱ्याला तपासता येईल अशा रीतीने लिहून ठेवलं नाही की त्याचं काय होतं, हे सांगायला मला याहून नेमकं उदाहरण सापडत नाही.

१८९६मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्देमार हाफकिन या जीवाणुशास्त्रज्ञांनी याच ग्रँट कॉलेजातल्या जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा नंतर परळला गेली. तीच आजची हाफकिन संस्था. सर्पदंशाची लस, म्हणजे विषावरचा उतारा, म्हटलं की कोकणातल्या जुन्या माणसांच्या तोंडी हेच नाव येतं.

साप म्हटला की रत्नागिरीत पहिलं नाव फुरशाचं. जांभ्याच्या कातळावर, गडग्यांच्या फटींत राहणारा हा हातभर लांबीचा साप. इंग्रज सरकारने बक्षीस लावून फुरशी लाखांनी मारवली, तरी ती संपली नाहीत. फुरशाचं विष रक्ताच्या गोठण्यावर घाला घालतं. विष भिनलंय की नाही हे ओळखायची जी चाचणी आजही ग्रामीण रुग्णालयात करतात, तिला यंत्र लागत नाही. स्वच्छ, कोरडी काचेची नळी घ्यायची, शिरेतून काढलेलं दोन मिलिलिटर रक्त तिच्यात घालायचं, नळी उभी ठेवायची आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच कलती करायची. रक्त पातळच राहून ओघळलं, तर गोठणं बिघडलंय आणि लस द्यायला हवी. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाच्या पावडरीने धुतलेली असली, तर निकालावर भरवसा ठेवता येत नाही, कारण गोठण्याला सुरुवात व्हायला काचेचा स्वच्छ पृष्ठभाग लागतो. नर्सताई घाईत असल्या की नळी दहाव्या मिनिटालाच हलवली जाते, हाही भाग आहेच. ही चाचणी १९७०च्या दशकात नायजेरियात रूढ झाली, तीही फुरशाच्याच भाऊबंदांच्या दंशावर. याच विषातल्या एका प्रथिनावरून हृदयविकारात वापरलं जाणारं टायरोफिबन हे औषध घडवलं गेलं. आपण दगडाने ठेचतो त्या सापाची एवढी किंमत जगाने केली आहे.

आता विंचू. कोकणातल्या संशोधनाचा खरा धडा इथे आहे.

१९७६मध्ये हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जालना जिल्ह्यातलं देहेड हे त्यांचं गाव, शिक्षण नागपूरचं. लाल विंचू चावलेले रुग्ण त्यांच्यासमोर येत होते, त्यात मुलं बरीच. गावात आधी मांत्रिक विंचू उतरवायचा, मग उशिरा दवाखाना. पुस्तकांत विंचूदंश म्हणजे वेदना, एवढाच मजकूर. प्रत्यक्षात मूल घामाने निथळायचं, उलट्या व्हायच्या, हातपाय गार पडायचे आणि काही तासांनी तोंडातून गुलाबी फेस यायचा. म्हणजे फुफ्फुसात पाणी. बावस्करांनी केलं ते इतकंच की ते रुग्णाच्या उशाशी बसले आणि नाडी, रक्तदाब, श्वास तासातासाला लिहीत गेले. त्या नोंदींतून दिसलं की रक्तदाब आधी चढतो, हृदय त्या ताणाखाली थकतं आणि मग फुफ्फुसं भरतात. हृदयाकडे बोट दाखवणाऱ्या सुरुवातीच्या खुणांवरचा त्यांचा लेख १९८२मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला.

मधल्या काळात पुण्यात एमडी करून ते परत महाडला आले. मला हे परतणंच महत्त्वाचं वाटतं, कारण प्रश्न तिथेच होता. पुढची पायरी औषधाची. रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रोप्रुसाइड शिरेतून द्यावं लागतं आणि डोळ्यांत तेल घालून रक्तदाब बघावा लागतो. आरोग्य केंद्रात ते कोण करणार? प्राझोसिन ही उच्च रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. विषामुळे शरीरात जी संप्रेरकं उसळतात, त्यांचा रक्तवाहिन्यांवरचा पगडा ती सोडवते. त्यावरचा, पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासोबतचा लेख १९८६मध्ये 'लॅन्सेट'मध्येच आला. गंभीर रुग्णांमधले ४० टक्क्यांच्या घरातले मृत्यू या उपचारानंतर १ टक्क्याच्या आसपास आले, असं त्यांच्या नोंदी सांगतात. प्रतिविष उपलब्ध झाल्यावर त्यांनी तेही तपासलं. सत्तर रुग्णांची दोन गटांत विभागणी करून केलेल्या आणि २०११मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिन अधिक प्रतिविष हा उपचार लवकर गुण देणारा ठरला. म्हणजे आपल्याच उपचारापेक्षा सरस काही आहे का, हे त्यांनी स्वतःच तपासून छापलं. २०२२मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा बातम्यांत 'विंचूवाले डॉक्टर' होते, तासातासाच्या त्या नोंदी मात्र कुठेच नव्हत्या.

एसटीएस म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची अल्पकालीन विद्यार्थी योजना, १९७९पासूनची. पदवीच्या विद्यार्थ्याने एका शिक्षकाच्या मार्गदर्शनाखाली प्रस्ताव द्यायचा, मंजूर झाला तर दोन महिने काम करून अहवाल द्यायचा, विद्यावेतन मिळतं. शिवाय राज्यातल्या विद्यापीठांची 'आविष्कार' स्पर्धा आहे, तिच्यात वैद्यक आणि औषधनिर्माणशास्त्राचा एक गट असतो. योजना चांगली आहे. अडचण आहे ती त्या दोन महिन्यांची, कारण कोकणातला आजार ऋतू बघून येतो.

लाल विंचू चावतो तो बहुतेक पावसाआधीच्या उन्हाळ्यात आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उकाड्यात. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, येतो भातलावणीनंतर, चिखलात उभं राहणाऱ्या पायांच्या भेगांतून. सिंधुदुर्गात पावसाळ्यात डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या घरोघर वाटतात त्या त्यासाठीच. माकडताप १९५७मध्ये शिमोग्याच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला आणि २०१६मध्ये दोडामार्ग तालुक्यात उतरला. तो पसरतो गोचिडीतून, आणि त्याचा जोर असतो हिवाळा सरल्यापासून पावसापर्यंत. नेमका काजूचा मोसम, बायामाणसं बी वेचायला बागेत वाकलेली. ज्याचे दोन महिने ऑगस्ट-सप्टेंबरचे, त्याला माकडतापाचा एकही रुग्ण दिसणार नाही, आणि ज्याचे मार्च-एप्रिलचे, त्याला लेप्टोचा. मग तो प्रश्नावलीकडे वळला तर दोष त्याला का द्यायचा?

खेळाडूंच्या दुखापतींचंही तेच. कबड्डी गावोगाव खेळली जाते, पण स्पर्धांची धामधूम भात घरात आल्यावर सुरू होते ती शिमग्यापर्यंत. १९९०मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी गेली, २०१४पासून प्रो कबड्डी आली, वरच्या स्तरावर मातीची जागा मॅटने घेतली. गावातली पोरं मात्र अजून मातीत खेळतात आणि गुडघा निखळला तर आधी हाडवैद्याकडे जातात. माती आणि मॅट यांत गुडघ्याच्या दुखापतींत काय फरक पडतो, हे फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला इथे मोजता येईल. फक्त त्याला रात्री अकरा वाजता मैदानाच्या कडेला वही घेऊन बसावं लागेल.

वेळापत्रकाची आणखी एक बाजू आहे. माणसांवरच्या कुठल्याही अभ्यासाला आधी संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता लागते. आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची या बाबतीतली पहिली मार्गदर्शक भूमिका १९८०ची, सध्याची तत्त्वं २०१७ची. समितीच्या बैठका रोज होत नाहीत. ऑक्टोबरचे विंचू हवे असतील तर कागद आषाढातच पुढे सरकायला हवेत. त्यामानाने एमबीबीएसमधला कुटुंब दत्तक कार्यक्रम जास्त कामाचा वाटतो. त्यात विद्यार्थ्याला गावातली काही कुटुंबं दिली जातात आणि तो पुढची काही वर्षं त्याच घरांत जात राहतो. एकाच घरातले दोन-तीन पावसाळे पाहायला मिळण्याची सोय दोन महिन्यांच्या योजनेत नाही. पण हा कार्यक्रम अनेकदा वजन-उंची लिहिण्यावरच थांबतो.

तोवर ऋतूची वाट न बघता करता येण्यासारखं एक काम रुग्णालयातच पडून आहे. दंशाच्या नोंदवहीत 'अननोन बाइट', म्हणजे काय चावलं ते माहीत नाही, असं लिहिलेल्या ओळी मोजायच्या. त्यातल्या किती जणांची काचेच्या नळीची चाचणी झाली, नळी किती वाजता भरली आणि किती वाजता पाहिली, याची नोंद आहे का ते बघायचं. आपल्या लसीत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं एवढ्या चौघांवरच उतारा आहे. सिंधुदुर्गातल्या बागांत चापडा हा विषारी सापही चावतो, त्याच्यावर ती चालत नाही. त्या 'अननोन'मध्ये चापडे किती, हे रक्त न गोठलेल्या आणि लसीला दाद न दिलेल्या रुग्णांच्या कागदांवरून निदान चाचपता येईल.