शिवारातून सातबाऱ्यावर: शेततळ्याच्या अनुदानामागची पार्श्वभूमी

शेततळ्याचं अनुदान आज थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा होतं. आधी पदरचा पैसा घालून तळं खोदायचं, सहायक कृषी अधिकाऱ्याकडून मोजमाप करून घ्यायचं, मग पैसे. पण माती-पाण्याच्या कामाला सरकारने हात घातला तेव्हा रीत अगदी वेगळी होती.

सोलापूर-विजापूरच्या दुष्काळी पट्ट्यात 1933पासून कोरडवाहू शेतीचे प्रयोग चालू होते. उतारावर समपातळीत बांध घातले की माती जागेवर राहते, ओल टिकते. 1942च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने अशा बांधबंदिस्तीला बळ दिलं. योजना एका शेताची नसे, सलग पट्ट्याची असे. खर्चाचा वाटा मात्र शेतकऱ्याकडून वसूल व्हायचा आणि थकला तर महसुलाच्या बाकीसारखा.

1972च्या दुष्काळाने हे चित्र पालटलं. रोजगार हमी योजनेवर (रोहयो) बांध, नाला बंडिंग म्हणजे नाल्याला घातलेले मातीचे बांध, पाझर तलाव यांची कामं निघाली. शेतकरी बांधावर मजूर म्हणून आला आणि पैसा मजुरीच्या रूपाने घरात गेला. हमीचा कायदा 26 जानेवारी 1979पासून लागू झाला. 1983मध्ये ‘माथा ते पायथा’, म्हणजे डोंगरमाथ्यापासून खाली उतरत पाणी अडवायचं, या विचाराने सर्वंकष पाणलोट विकास कार्यक्रम आला.

याच काळात पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचा हिशेब आजही मन लावून वाचावा असा आहे. पाणी उपसून शेतात आणणाऱ्या योजनेच्या खर्चात 50 टक्के सरकारी अनुदान, 20 टक्के गावकऱ्यांचे, उरलेले 30 टक्के बिनव्याजी कर्ज. पाणी जमिनीवर नाही, माणशी. माणसामागे अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा, उसाला मनाई. अनुदान सरकारचंच होतं, पण ते शेतकऱ्यांच्या गटाला मिळत होतं, म्हणून पाण्यावर गटाचा शब्द चालला. माझ्या मते महाराष्ट्राने इथून शिकायला हवं होतं.

झालं उलट. 1990मध्ये रोहयोला फळबाग लागवड जोडली आणि हमीचा पैसा एकेकट्याच्या शेतात जाऊ लागला. त्याने भलंही झालं. कोकणातली आंबा-काजूची कितीतरी लागवड त्यातूनच उभी राहिली. पुढे फेब्रुवारी 2016मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली. किमान 60 गुंठे जमीन, कमाल 50 हजार रुपये, सर्वांत मोठं तळं 30 बाय 30 बाय 3 मीटर. सातबाऱ्यावर नोंद करायची, योजनेचा फलक स्वखर्चाने लावायचा.

कल्पना होती पावसाचं वाहून जाणारं पाणी धरण्याची. पण नगर-नाशिककडे द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत बांध उंच चढवलेली, तळाला प्लास्टिक अंथरलेली तळी दिसतात. ओढ्याचं पाणी त्यांत शिरूच शकत नाही. पावसाळा सरता सरता विहिरीवरची, बोअरवरची मोटर लागते आणि जमिनीखालचं पाणी वर येऊन उन्हात बसतं. वाफ होऊन उडतं ते वेगळंच, शेजारची उथळ विहीर मात्र जानेवारीतच तळ दाखवते. बागाईतदाराला दोष देता येत नाही. उन्हाळ्यात बाग वाळताना पाहिलेला माणूस हेच करणार.

आता शेततळं मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत आलं आहे, अनुदानाची मर्यादा 75 हजारांवर गेली आहे. सुरुवातीला अर्जाला सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा, जोडावा लागे.