उंट-घोडा अदलाबदल (बुद्धिबळ)

उंट-घोडा अदलाबदल : बुद्धिबळात आपला उंट देऊन प्रतिस्पर्ध्याचा घोडा मारण्याची खेळी. दोन्ही मोहऱ्यांची किंमत ढोबळमानाने तीन प्याद्यांएवढी धरतात, त्यामुळे गुणांचा हिशेब इथे कामाला येत नाही. मारामारीनंतर पटावर कोणती प्यादी कशी उरतील, यावरच निर्णय घ्यावा लागतो.

रिकाम्या पटाच्या मध्यावरून उंटाचा मारा १३ घरांवर असतो, घोड्याचा ८. कोपऱ्यात उंटाला ७ घरे उरतात, घोड्याला अवघी २. मात्र उंट शेवटपर्यंत एकाच रंगाच्या घरांवर फिरतो. घोडा दोन्ही रंगांवर जातो आणि मधल्या मोहऱ्यांवरून उडी मारतो. म्हणूनच प्यादी एकमेकांत अडकून पट बंद झाला की घोडा वरचढ ठरतो, पट मोकळा असेल तर उंट. दोन्ही उंट शाबूत असले तर त्यांची ताकद आणखी वाढते. अमेरिकन ग्रँडमास्टर लॅरी कॉफमन यांच्या अभ्यासानुसार ही जोडी सुमारे अर्ध्या प्याद्याइतकी जास्त मोलाची असते. ती मोडायची तर मोबदला हवाच.

नागपुरातल्या बुद्धिबळ वर्गांत नवशिक्या मुलाला हा प्रश्न बहुधा असा भेटतो : पांढऱ्याचा उंट जी-५ (जी पट्टी, पाचवी रांग) वर येऊन एफ-६ वरचा घोडा जखडतो, म्हणजे घोडा हलला तर मागचा वजीर मारला जाईल; काळा प्यादे एच-६ वर ढकलून उंटाला डिवचतो. मूल घाईने घोडा मारते, काळा वजिराने उंट घेतो. पांढऱ्याला काहीच मिळत नाही. काळ्याचा वजीर मात्र फुकटात बाहेर येतो आणि त्याची उंटांची जोडीही शाबूत राहते. रौनक साधवानी (किताब २०१९), संकल्प गुप्ता (किताब २०२१) आणि २०२५ चा महिला विश्वचषक जिंकणारी दिव्या देशमुख हे ग्रँडमास्टर ज्या शहराने दिले, तिथल्या मुलांनी ही सवय लवकर सोडलेली बरी.

मोबदला बहुतेक वेळा प्याद्यांच्या रचनेत मिळतो. निम्झो-इंडियन बचाव या सुरुवातीत काळा उंटाने सी-३ वरचा घोडा मारतो, तेव्हा पांढऱ्याची सी पट्टीवर दुहेरी (एकामागे एक) प्यादी होऊ शकतात. १९७२ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत पाचव्या डावात काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या बॉबी फिशरने उंटाला कोणी डिवचले नसताना आपणहून ही मारामारी केली, मग मध्यभाग बंद केला. प्रतिस्पर्धी बोरिस स्पास्कीच्या उंटांना वाटच उरली नाही. २७ चालींत फिशरने डाव जिंकला. पट बंद ठेवण्याची ही तयारी नसती, तर त्याच दोन उंटांनी काळ्याला छळले असते.

कधी एखाद्या घरासाठी उंट द्यावा लागतो. सिसिलियन बचाव या सुरुवातीच्या स्वेश्निकोव्ह प्रकारात पांढरा एफ-६ वरचा घोडा मारतो, कारण डी-५ चा तो पहारेकरी असतो; तो गेला की पांढऱ्याचा घोडा तिथे ठाण मांडतो. आपल्याच प्याद्यांमागे कोंडलेला उंट तर संधी मिळताच द्यावा.

डावाच्या अखेरीचा विचारही आधीच करावा. ए किंवा एच पट्टीवरचे एकच प्यादे उरणार असेल आणि त्याच्या बढतीचे (प्यादे वजीर होण्याचे) घर आपल्या उंटाच्या रंगाचे नसेल, तर विरोधी राजाने तो कोपरा गाठताच डाव बरोबरीत सुटतो. अशा वेळी उंटाऐवजी हाती घोडा असता तर जिंकण्याची शक्यता राहिली असती.