डाळ-भात एकाच जेवणात हवाच का?

"डाळीतलं प्रथिन अपुरं, सोबत भात-पोळी नसेल तर वाया जातं," असं अजूनही ठामपणे सांगतात. ते खरं नाही. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांपैकी लायसिन तांदूळ-गव्हात कमी, मेथिओनिन डाळींत कमी, इथवर बरोबर. पण शरीर अमिनो आम्लांचा साठा काही तास बाळगतं. दुपारची उसळ आणि रात्रीची भाकरी एकमेकींची उणीव भरून काढतात. दोन्ही एकाच जेवणात हवंच, ही समजूत १९७१ मध्ये लोकप्रिय करणाऱ्या अमेरिकी लेखिका फ्रान्सिस मूर लापे यांनी १९८१ मध्ये ती स्वतःच दुरुस्त केली. याला मोठं मन लागतं. अंडी, मासे, दूध यांतलं प्रथिन जास्त सहज पचतं, हे मान्य. खरी अडचण प्रमाणाची आहे: एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिन, पातळ वरणाच्या वाटीत बहुधा त्याहून कमीच. तेव्हा आधी वरण घट्ट करा.