गिझर किती टिकणार, ते पाणी ठरवतं

गिझर किती वर्षं टिकेल? सांगलीत या प्रश्नावर उलट विचारावं: पाणी कुठलं, नळाचं की बोअरचं? कृष्णेच्या पाण्यावर दहा-बारा वर्षं बिनबोभाट चालणारा गिझर बोअरच्या खाऱ्या पाण्यावर त्याच्या निम्म्या काळात भंगारात जाऊ शकतो.

जमिनीत मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटं विरघळलेली असतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता, म्हणजे अशा क्षारांचं प्रमाण, लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. पाणी तापलं की बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे उरतं. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, याचं नेमकं उलटं. त्यामुळे पांढरा थर सगळ्यात आधी धरतो तो पाणी तापवणाऱ्या कॉइलवर. थर उष्णता अडवतो, आतली कॉइल नको इतकी तापते आणि शेवटी जळते. गिझर चालू असताना गुरगुर ऐकू आली, तर थराखाली अडकलेलं पाणी उकळतंय असं समजा.

कॉइल बदलता येते. टाकी गळली की मात्र खेळ खलास. पोलादी टाकीला आतून काचेचा मुलामा असतो, पण त्याला बारीक भेगा पडतातच. तिथं गंज चढू नये म्हणून आत मॅग्नेशियमची कांडी सोडलेली असते. मॅग्नेशियम लोखंडाच्या आधी इलेक्ट्रॉन देऊन टाकतं, म्हणून ते झिजतं आणि टाकी वाचते. चक्क बळीचा बकरा! नवी कांडी गुळगुळीत आणि चांगली जाड असते. जुनी काढून बघा: खडबडीत, जागोजागी कुरतडलेली, कधी तर मधली तार तेवढी शिल्लक. तार दिसली की पुढची पाळी टाकीची. पाण्यात क्षार जास्त असले की त्यातून वीज सहज वाहते, झीजही वाढते. म्हणून बोअरवाल्यांनी दरवर्षी कांडी काढून बघावी. सर्व्हिसिंग म्हणून बाहेरून फडकं मारून जाणाऱ्या मिस्त्रीला हे मुद्दाम सांगावं लागतं. थर्मोस्टॅट 75 ऐवजी 60 अंशांवर ठेवला तर थरही सावकाश बसतो.

गच्चीवरच्या सोलरच्या नळ्यांतही हाच थर साठतो. तिथं आणखी एक खूण बघण्यासारखी आहे. दुहेरी काचेच्या नळीच्या बंद टोकाला आरशासारखा चंदेरी पट्टा असतो, तो बेरियमचा. दोन काचांमधल्या निर्वात पोकळीत हवा शिरली की तो पांढराफट्ट पडतो. ती नळी मग उष्णता धरून ठेवत नाही. अख्खा सोलर काढायची गरज नाही, तेवढी नळी बदलायची.

जत-आटपाडीच्या कोरड्या उन्हाळ्यात कुलर मस्त चालतो, पण पाणी उडून जातं आणि क्षार जाळीत राहतात. टाकीत नुसती भर घालत राहू नका, अधूनमधून ती पूर्ण रिकामी करा.

एसीचा शत्रू वेगळा. ऊसपट्ट्यात पाचट पेटवलं की काळी राख उडते आणि बाहेरच्या युनिटच्या पत्र्यांत जाऊन बसते. उष्णता बाहेर पडेना की कॉम्प्रेसरवर ताण येतो. नीट धुतला-पुसला तर एसी दहा ते पंधरा वर्षं जातो. पण जुन्यात आर-22 गॅस असेल तर मोठी दुरुस्ती करण्याआधी विचार करा. हा गॅस ओझोनला घातक असल्यानं 2030 पर्यंत बाद होत चाललाय, आणि त्या मशीनमध्ये नवा आर-32 भरता येत नाही. कुणी ‘भरून देतो’ म्हणालं तर सरळ नको म्हणा. तो पेट घेणारा गॅस आहे आणि जुनं मशीन त्यासाठी बनवलेलं नाही.