टाइल्स निवडण्याआधी: बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगबद्दल थोडं

शोरूममध्ये टाइल्स बघण्यात दोन-तीन रविवार जातात, आणि टाइल्सखाली काय घालायचं ते मात्र कामाच्या दिवशी कडियावर (गवंड्यावर) सोपवलं जातं. मग वर्षा-दोन वर्षांनी खालच्या मजल्यावरचे काका छताचे पोपडे दाखवायला वर बोलवायला येतात, तेव्हा आपल्या टाइल्स अगदी नव्यासारख्याच असतात. पाणी अडवणं हे टाइल्सचं कामच नव्हे. टाइलमधून पाणी जात नसलं तरी दोन टाइल्सच्या सांध्यातून ते झिरपतंच. व्हाइट सिमेंटच्या सांध्याला बारीक चिरा लवकर पडतात. एपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा रेझिनचा माल) त्यापेक्षा पुष्कळ चांगलं, पण खालचा वॉटरप्रूफिंगचा थर नसेल तर तेही पुरत नाही.

तोडायला घेण्याआधी ओल कुठून येते हे बघावं लागतं. बाथरूम दोन-तीन दिवस बंद ठेवलं तरी खाली टपकत राहिलं, तर बहुधा दाबाच्या पाण्याचा पाइप फुटलेला असतो. अंघोळी झाल्यावर तासाभरात डाग ओला होत असेल, तर दोष नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतलं सांडपाणी जिथून खाली जातं ते जाळीखालचं भांडं) किंवा फरशीत. फक्त पावसाळ्यात ओल येत असेल, तर दोष बाहेरच्या भिंतीत किंवा गच्चीत शोधायचा. बाथरूम फोडून काहीच हाती लागत नाही. अशा घरी आम्ही बाथरूमचं काम घेत नाही, तसं सांगून परत येतो.

‘टाइल्स न तोडता गळती बंद’ हा उपाय बरेच जण विचारतात. गळती नुसत्या सांध्यांतून असेल तर सांधे खरवडून पुन्हा भरल्याने काम होतं. ट्रॅपच्या भोवती किंवा फरशीखालच्या संकन भागात पाणी साठलेलं असेल, तर वरून काहीही ओता, ते दिवस ढकलणं आहे.

संकन म्हणजे फ्लॅटच्या बाथरूमखाली आठ-दहा इंच खाली टाकलेला स्लॅब. त्यात सांडपाण्याचे पाइप जातात आणि वरून विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात. कोब्याच्या मालात वॉटरप्रूफिंगचं लिक्विड घातलं की झालं, असा समज आहे. त्या लिक्विडने माल घट्ट होतो, पाणी कमी मुरतं. पण चीर पडली की पाणी चिरेतून खाली जातं आणि विटा ते धरून ठेवतात. म्हणून आम्ही थर दोनदा देतो. पहिला उघड्या स्लॅबवर, संकनच्या भिंतींवर चढवून. मग पाइप, भरणी, ढाळाचा कोबा, आणि त्याच्यावर दुसरा. भरणीला शक्य तिथे हलके ब्लॉक वापरतो, स्लॅबवर बोजा कमी येतो.

थर म्हणजे पावडर आणि पॉलिमरचं दूध मिसळून ब्रशने लावायचं कोटिंग. प्रमाण पोत्यावर छापलेलं असतं आणि तेच ठेवायचं. घट्ट वाटलं म्हणून मग्गाभर पाणी घालायचं नाही. जागा आधी ओलसर करायची, पण डबकं नको. पहिला हात आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा. शॉवरच्या भिंतीला सहा फूट, बाकी भिंतींना निदान एक फूट. शॉवर नसला आणि बादली-तांब्याचीच अंघोळ असली, तरी त्या बाजूला तीन फूट हवंच. नंतर पाणी मारायचं की नाही हेही पोत्यावर लिहिलेलं असतं. कडिया सवयीने सगळ्यावरच पाणी मारतो, त्याला अडवावं लागतं.

सपाट फरशी क्वचितच गळते. गळतात ते कोपरे, पाइपची भोकं, ट्रॅपचा काठ आणि दाराचा उंबरा. फरशी आणि भिंत जिथे मिळतात तिथे मालाचा गोल वाटा मारून (कोपऱ्याला गोलाई देऊन), फायबरची जाळी कोटिंगच्या दोन हातांमध्ये दाबून बसवायची. पाइपभोवतीची पोकळी साध्या मालाने भरू नये, तो सुकताना आकसतो. न आकसणारं ग्राउट मिळतं, ते भरावं. ट्रॅपच्या काठावर थर आत वळवून घ्यायचा. उंबऱ्याच्या ग्रॅनाइट पट्टीखालूनही तो जायला हवा, नाहीतर चौकटीचा पाय कुजतो आणि बेडरूमची फरशी कडेने काळी पडते. ढाळ मीटरला एक सेंटिमीटर. आठ फुटांच्या बाथरूमला साधारण इंचभर.

पाण्याची परीक्षा

इथे आम्ही हट्टी आहोत. ट्रॅप बंद करून, दारात मालाचा छोटा बांध घालून दोन इंच पाणी भरतो, भिंतीवर पेन्सिलची रेघ मारतो आणि ४८ तास थांबतो. संकनचा थर झाल्यावर एकदा, वरचा थर झाल्यावर दुसऱ्यांदा. रेघेच्या थोडं खाली पाणी आलं तर ते वाळल्यामुळे असू शकतं, म्हणून निकाल खालच्या छतावर बघायचा. त्यासाठी खालच्या घरी आधी बोलून ठेवणं आपल्याकडे. चहाच्या वेळी गेलात तर कोणी नाही म्हणत नाही. परीक्षा आपण स्वतः बघून सही केल्याशिवाय आमचा माणूस एकही टाइल लावत नाही. नळाच्या पाइपलाही कोटिंगच्या आधी हातपंपाने दाब देतो. काटा खाली उतरला तर सांधा तिथेच पुन्हा करतो.

थर झाल्यावर प्लंबरला आत सोडू नका. ‘जरा एवढंच छिन्नीने’ म्हणून गीझरचा पॉइंट सरकवला की सगळं पहिल्यापासून. टाइलवाले दोरी बांधायला फरशीत खिळा ठोकतात, तोही नको.

वडोदऱ्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या वाड्यांत वरच्या मजल्याची जमीन लाकडी तुळयांवर असते. ती चालताना हलते, आणि साधं सिमेंटचं कोटिंग त्यावर तडकतं. तिथे लवचीक मेम्ब्रेन (ताणलं तरी न तडकणारा पडद्यासारखा थर) लागतं, आणि तुळया आतून पोखरल्या असतील तर आधी सुतार. काही वाड्यांत आम्ही स्वच्छ सांगतो: बाथरूम तळमजल्यावर आणा.

फ्लॅटमधल्या पाच बाय आठच्या बाथरूमला तोडण्यापासून ग्राउटपर्यंत १५ ते २० दिवस धरा. लग्नघर असेल तर त्याआधी महिनाभर तरी कळवा. होळीला दाहोद, पंचमहालचे मजूर गावी जातात आणि लगेच परतत नाहीत, तेव्हा त्या सुमारास काम सुरू करू नये. घरात एकच बाथरूम असेल तर या दिवसांची सोय आधी ठरवा.

काम संपल्यावर प्रत्येक भिंतीचे, टाइल्स लागण्याआधीचे फोटो मोजपट्टीसकट आपल्या फोनवर पाठवतो. ते पुसू नका. पुढे टॉवेलचा दांडा किंवा आरसा लावताना त्यात पाइप कुठे आहे ते बघून मगच ड्रिल करा, आणि भोकात स्क्रूआधी सिलिकॉन भरा. फोटो न बघता पाडलेल्या भोकामुळे झालेली गळती आमच्या हमीत येत नाही.