ब्राउझर आकड्याला पत्ता समजतो तेव्हा

गूगलने क्रोमसाठी तातडीचं अपडेट काढलं की बातमी येते. तिच्यात 'सीव्हीई'ने सुरू होणारा एक क्रमांक असतो, म्हणजे सुरक्षेतल्या दोषाचा नोंदणी क्रमांक, 'व्ही८ इंजिनात टाइप कन्फ्यूजन' असे शब्द असतात (व्ही८ म्हणजे वेबपेजमधला जावास्क्रिप्ट कोड चालवणारा क्रोमचा भाग) आणि लगेच पुढचं वाक्य, 'हॅकर तुमच्या संगणकाचा ताबा घेऊ शकतात'. मे २०२४मध्ये थोड्याच दिवसांच्या अंतराने असे दोन दोष दुरुस्त करावे लागले, सीव्हीई-२०२४-४९४७ आणि सीव्हीई-२०२४-५२७४. दोन्हींचा गैरवापर दुरुस्तीआधीच सुरू झालेला होता. पण 'टाइप कन्फ्यूजन'पासून 'ताबा'पर्यंत मजल कशी जाते, ते बातमीत कधीच नसतं. मला तर सगळ्यात विलक्षण भाग तोच वाटतो.

मेमरीत असतात फक्त बिट, म्हणजे ० आणि १. कागदाच्या चिटोऱ्यावर नुसतं १०१ लिहिलं असेल, तर तो ताप आहे की खोलीचा नंबर, हे वाचणाऱ्यालाच ठाऊक असावं लागतं. बिटांचंही तसंच आहे. १.० ही दशांश संख्या नेहमीच्या पद्धतीने ६४ बिटांत साठवा आणि तेच बिट पूर्णांक म्हणून वाचा. उत्तर येईल ४६०७१८२४१८८०००१७४०८. एकही बिट बदललेला नाही. तेच बिट पत्ता म्हणून वाचले, तर प्रोसेसर मेमरीतली ती जागा शोधायला जाईल. प्रोग्रॅमच्या एका भागाने एका प्रकारचं म्हणून ठेवलेलं काही दुसऱ्या भागाने भलत्याच प्रकारचं समजून वापरलं, की झालं टाइप कन्फ्यूजन.

याचं सर्वांत सुटसुटीत उदाहरण ईमेलच्या जगातलं आहे. मोझिलाच्या थंडरबर्ड या ईमेल प्रोग्रॅममध्ये मीटिंगचं निमंत्रण कॅलेंडरच्या फाइलच्या रूपात येतं. त्या फाइलमध्ये टाइमझोनच्या नावाचं एक कलम असतं. नाव म्हटलं की ते टेक्स्टच असणार, असं कोणीही धरून चालेल. पण या फाइलच्या रचनेत दिलेली किंमत कोणत्या प्रकारची आहे, हे पाठवणारा लिहू शकतो. एखाद्याने मुद्दाम लिहिलं की टाइमझोनचं नाव ही दशांश संख्या आहे, तर? फाइल वाचणाऱ्या भागाने ते निमूटपणे संख्या म्हणून साठवलं. पुढच्या भागाने तेच टेक्स्ट म्हणून उचललं. सी भाषेत टेक्स्ट म्हणजे ते जिथून सुरू होतं त्या जागेचा पत्ता. म्हणजे अनोळखी माणसाने मेलमधून पाठवलेला आकडा प्रोग्रॅमने पत्ता म्हणून वापरला! बहुतेक वेळा त्या पत्त्यावर काहीच नसतं आणि प्रोग्रॅम कोसळतो. हा दोष, सीव्हीई-२०१९-११७०६, थंडरबर्ड ६०.७.१मध्ये १३ जून २०१९ला दुरुस्त झाला.

इथे प्रकार तपासायचा राहून गेला होता. ब्राउझरमध्ये मात्र तपासणी जाणूनबुजून काढली जाते, वेगासाठी. जावास्क्रिप्टमध्ये 'अ + ब' दिसलं की इंजिनाला पाहावं लागतं: दोन्ही संख्या आहेत का? मग बेरीज. एक जरी टेक्स्ट असेल, तर दोन्ही एकापुढे एक जोडायचे. ही विचारपूस बेरजेपेक्षा महाग पडते. म्हणून क्रोमचं व्ही८ आणि फायरफॉक्सचं स्पायडरमंकी आधी काही काळ निरीक्षण करतात. एखादं फंक्शन हजारो वेळा चाललं आणि दरवेळी संख्याच आल्या, तर इंजिन त्या फंक्शनसाठी फक्त संख्यांपुरता, थेट प्रोसेसरच्या भाषेतला कोड जागच्या जागी तयार करतं. हे काम करणाऱ्या कंपायलरला, म्हणजे कोडचं प्रोसेसरच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला, जेआयटी म्हणतात. अंदाज चुकला तर संथ मार्गाकडे परत पाठवणाऱ्या तपासण्या त्या कोडमध्ये असतात. पण 'इथे दुसरा प्रकार येऊच शकत नाही' असं कंपायलरने ठरवलं, की तिथली तपासणीही गाळली जाते. ते ठरवण्यात चूक झाली, की दोष जन्माला आला.

त्याच जून महिन्यातला फायरफॉक्सचा दोष, सीव्हीई-२०१९-११७०७, अशाच चुकीतून आला. अ‍ॅरे म्हणजे कप्प्यांची रांग आणि 'पॉप' म्हणजे शेवटच्या कप्प्यातलं काढून देणं. कप्पा रिकामा असेल तर जावास्क्रिप्टच्या नियमानुसार अ‍ॅरेच्या प्रोटोटाइपमध्ये, म्हणजे ज्या वस्तूकडून त्याला गुणधर्म वारशाने मिळतात तिथे, त्या क्रमांकाचं काही आहे का ते बघायचं. इंजिनाकडे नोंद होती ती खुद्द अ‍ॅरेत काय काय ठेवलं गेलं याची. वारशाने वेगळाच प्रकार हाती येऊ शकतो, ही शक्यता पॉपच्या वेगवान कोडने नीट धरलीच नव्हती.

प्रकार चुकला तर बिघडतं काय? समजा, कोडची खात्री आहे की हाती आलेल्या यादीतला प्रत्येक घटक ४ बाइटांचा आहे. प्रत्यक्षात आली १ बाइटाच्या १०० घटकांची यादी. क्रमांक ५०च्या घटकात लिहायला सांगितलं. ५० हे १००पेक्षा कमी, म्हणून मर्यादेची तपासणी पार. मग जागा काढली ५० गुणिले ४, म्हणजे सुरुवातीपासून २०० बाइट पुढे. यादी तर १०० बाइटांतच संपलेली! लिखाण शेजारच्या वस्तूवर गेलं. शेजारी हल्लेखोराने आणखी एक यादी आणून ठेवली असेल आणि तिची लांबी नेमकी तिथे नोंदवलेली असेल, तर तो लांबीच्या जागी प्रचंड आकडा लिहितो. आता ही दुसरी यादी अगदी रीतसर, सगळ्या तपासण्या पार करून, आपल्या हद्दीपलीकडची मेमरी वाचू-लिहू देते. 'ताबा' हा शब्द इथून सुरू होतो.

सुरू होतो, संपत नाही. वेबपेजचा कोड सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकीच्या संगणकापासून तोडलेल्या कप्प्यात, कोंडलेला असतो, त्यामुळे बाहेर पडायला दुसरा दोष लागतो. कॉइनबेस या कंपनीच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या हल्ल्यात सीव्हीई-२०१९-११७०७च्या जोडीला सीव्हीई-२०१९-११७०८ वापरला गेला आणि सापळ्याची लिंक आली होती ईमेलने. फायरफॉक्समध्ये हे दोन्ही दोष १८ आणि २० जूनला दुरुस्त झाले. थंडरबर्डमध्येही तेच इंजिन असल्यामुळे त्याचं ६०.७.२ निघालं; पण मेल वाचताना तिथे स्क्रिप्ट बंद असते, त्यामुळे नुसत्या मेलमधून हा दोष साधणं सहसा शक्य नव्हतं.

म्हणूनच 'ही फाइल उघडली की फोन उडतो' असले फॉरवर्ड मला चीड आणतात. त्यांत ना दोषाचं नाव असतं, ना आवृत्तीचं. काही ब्राउझरांत वेबसाइटच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपावरचा विश्वासही तितकाच चुकीचा आहे. वाटेत कोणी वाचत नाही, एवढंच ते कुलूप सांगतं. आलेला कोड इंजिनात काय करेल, याच्याशी त्याचा संबंध नाही. उपयोग होतो तो अपडेटचा, आणि तेही ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू केल्यावर. तोवर जुनाच कोड चालू असतो.

रस्टसारख्या सुरक्षित भाषेत सगळं नव्याने लिहिलं की प्रश्न मिटेल, असंही सांगितलं जातं. थंडरबर्डच्या कॅलेंडरसारख्या दोषांना ते लागू पडतं. जेआयटीला पुरत नाही, कारण कंपायलर कोणत्याही भाषेत लिहिला तरी त्याने चुकीच्या समजुतीवर तयार केलेला मशीन कोड चुकीचाच राहतो. व्ही८च्या टीमने म्हणून वेगळी वाट धरली आहे: असे दोष येत राहणार हे गृहीत धरून इंजिनाच्या वस्तू मेमरीच्या एका राखीव भागात ठेवायच्या, आणि कच्च्या पत्त्याऐवजी त्या भागाच्या सुरुवातीपासूनचं अंतर नोंदवायचं. मग हल्लेखोराने कोणताही आकडा घुसवला, तरी त्यातून निघणारी जागा त्याच भागात पडते.