जुन्या संगणकावरील गेमिंग : देखभाल व सुधारणा

नवे यंत्र न घेता, घरातल्याच पाच-दहा किंवा त्याहूनही जास्त वर्षांच्या संगणकावर गेम सुरळीत चालावेत म्हणून केलेली साफसफाई, सेटिंगची जुळवाजुळव आणि मोजक्या सुट्या भागांची बदली. कोल्हापुरात असा संगणक बहुधा दोन वाटांनी घरात येतो : इंजिनिअरिंगला प्रवेश घेताना जुळवलेला असेंबल पीसी, नाहीतर मोठ्या शहरातल्या एखाद्या कार्यालयातून निघून दुकानात पुन्हा तयार झालेला ब्रँडेड डबा. या दुसऱ्या प्रकारात इंटेलच्या दुसऱ्या ते चौथ्या पिढीचे, म्हणजे २०११ ते २०१३ या काळातले आय-५ प्रोसेसर अजूनही भेटतात.

‘पीसी स्लो झालाय’ या तक्रारीत दोन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. प्रोसेसर काही म्हातारा होऊन मंदावत नाही. धूळ, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) आणि गच्च भरलेली हार्ड डिस्क त्याला पूर्ण वेगाने चालू देत नाहीत. हा गेलेला वेग परत मिळतो, आणि तोही शे-दोनशे रुपयांत. दुसरी गोष्ट म्हणजे गेमच जड झालेले असतात. २०१२ चा काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह ज्या डब्यावर आरामात पळायचा, त्याच डब्यावर सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या जागी आलेला काउंटर-स्ट्राइक २ धापा टाकतो. हे अंतर ब्रश फिरवून भरत नाही.

गेमचा वेग एफपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती चित्रे पडद्यावर येतात यावर मोजतात. ६० एफपीएसला एका चित्राच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात, ३० ला ३३.३. नुसती सरासरी मात्र फसवते. चित्रे ठरल्या वेळेला येत असताना मध्येच एखादे ८० मिलिसेकंद घेते आणि नेमका त्याच क्षणी नेम चुकतो. खेळणारा ‘अडकतंय’ म्हणतो ते या झटक्याला. म्हणून ३५ ते ७० मध्ये उड्या मारणाऱ्या आकड्यापेक्षा ४० ला बांधून ठेवलेला स्थिर वेग जुन्या यंत्रावर केव्हाही बरा. बहुतेक गेममध्ये किंवा ग्राफिक कार्डाच्या (चित्र तयार करणाऱ्या भागाच्या) ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये ही मर्यादा घालता येते.

उष्णता आणि धूळ

सुरुवात इथूनच करावी. इंटेलचे बरेच प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचले की जळू नये म्हणून स्वतःचा वेग आपोआप उतरवतात. याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. पहिली दहा मिनिटे गेम छान चालतो आणि मग हळूहळू रखडू लागतो, ही त्याची ओळख. हवेवर चालणारा कूलर खोलीच्या तापमानाखाली जाऊ शकत नाही. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच चढतो. त्यामुळे जानेवारीत विनातक्रार चालणारा पीसी एप्रिल-मेच्या दुपारी, पत्र्याखालच्या वरच्या खोलीत, माघार घेतो.

जिल्ह्यातली धूळही एका जातीची नाही. शिवाजी उद्यमनगर आणि शिरोलीच्या बाजूला फौंड्रीची वाळू व लेथवरचा बारीक लोखंडी कीस. हा कीस वीजवाहक असल्याने मदरबोर्डाला शॉर्टचा धोका. इचलकरंजीत यंत्रमागांचा तूस. तो हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांत नमद्यासारखा बसतो आणि फुंकून निघत नाही, ब्रशने खरवडावा लागतो. गुऱ्हाळाच्या हंगामात गावाकडच्या घरांत चिपाडाच्या जाळाची राख. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या सफाईत आणि पावसाळ्यापूर्वी, कॅबिनेट उघडावे.

उद्यमनगरात कॉम्प्रेसर शेजारीच असतो, म्हणून पीसी उचलून त्याच्यापुढे धरायचा मोह होतो. तो आवरावा. कॉम्प्रेसरच्या टाकीत हवेतली वाफ पाणी होऊन साचते, पावसाळ्यात तर फारच, आणि त्या फवाऱ्यासोबत पाण्याचे व तेलाचे थेंब बोर्डावर बसतात. हातातला छोटा ब्लोअर पुरतो. हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, कारण पंखा जोराने उलटसुलट फिरला तर बेअरिंग खराब होते.

मग पेस्ट. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला हा लेप काही वर्षांत खडूसारखा वाळतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुना थर पुसून छोट्या वाटाण्याएवढी नवी पेस्ट लावली की काम झाले. थापून लावल्याने जास्त गार होत नाही. इंटेलच्या मूळ कूलरच्या चारही पिना ‘टक्’ आवाज करून बसल्या का, हे बोर्डाच्या मागून बघावे. एक जरी अर्धवट राहिली तर केलेली सगळी मेहनत वाया जाते, आणि घरी काम करणाऱ्यांची सर्वाधिक चूक याच जागी होते.

अडतं कुठं हे ओळखणे

पैसे घालण्याआधी एक साधी परीक्षा करावी. गेमचे रिझोल्यूशन १९२०×१०८० वरून १२८०×७२० वर आणावे. पिक्सेल २०.७ लाखांवरून ९.२ लाखांवर, म्हणजे निम्म्याहून खाली येतात. एफपीएस झपकन वाढले तर अडचण ग्राफिक कार्डाची. जैसे थे राहिले तर प्रोसेसरची. पहिल्या स्थितीत सावल्या, ॲम्बिएंट ऑक्लूजन (कोपऱ्या-फटींतली हलकी छाया) आणि अँटी-अलायझिंग (कडांचे दाते गुळगुळीत करणे) उतरवावे. सावल्या ‘अल्ट्रा’वरून ‘मीडियम’वर आणल्याने डोळ्याला फारसे काही जाणवत नाही, कार्डाचा भार मात्र चांगलाच हलका होतो. टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रे, कार्डाच्या मेमरीत मावत असेल तर त्याला हात लावण्याचे कारण नाही. दुसऱ्या स्थितीत गर्दी, वाहनांची संख्या आणि दूरवरचे दृश्य कमी करावे. एएमडीचे एफएसआर हे जून २०२१ मध्ये आलेले तंत्र कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करून दाखवते आणि एनव्हिडियाच्या जुन्या जीटीएक्स कार्डांवरही चालते. एनव्हिडियाच्या डीएलएसएस या तशाच तंत्राला मात्र तिचे नव्या मालिकेतले आरटीएक्स कार्डच लागते.

सुटे भाग

रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी घालणे हा सर्वांत किफायतशीर बदल. डीडीआर३-१६०० या जुन्या प्रकारच्या रॅमची एक पट्टी सेकंदाला १२.८ जीबी माहिती हलवते, जोडी २५.६ जीबी. वेगळे ग्राफिक कार्ड नसलेला संगणक चित्रासाठीही हीच रॅम वापरतो, म्हणून तिथे फरक ठळक दिसतो. डीडीआर३ आणि डीडीआर४ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत, हे दुकानात जाण्याआधी पाहावे.

एसएसडीने, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणाऱ्या चिपवरच्या साठवणुकीने, एफपीएस फारसे वाढत नाहीत. पण हार्ड डिस्क सलग वाचनात सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते तिथे साटा जोडणीची (हार्ड डिस्कच्याच वायरवर चालणारी) एसएसडी पाचशेच्या वर देते, आणि विखुरलेल्या फायलींत तर तुलनाच नाही. जीटीए ५ मध्ये गाडी सुसाट नेताना पुढच्या इमारती उशिरा उगवतात, तो प्रकार यामुळे बराच थांबतो.

ग्राफिक कार्ड घेताना आधी एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा भाग, पाहावा. ब्रँडेड डब्यात तो बहुधा २४० ते ३०० वॅटचा आणि काही वेळा निराळ्या जोडणीचा असतो. म्हणूनच ७५ वॅटमध्ये, थेट स्लॉटमधून वीज घेणारे २०१६ चे जीटीएक्स १०५० टीआय अशा डब्यांत इतके रुळले. एएमडीचे २०२२ चे आरएक्स ६४०० त्याहून कमी वीज खाते, पण ते पीसीआयईच्या, म्हणजे कार्ड बसते त्या स्लॉटच्या, माहिती नेणाऱ्या चारच वाटा (लेन) वापरते; जुन्या बोर्डावर त्याची ताकद गळते.

सॉफ्टवेअरचे थोडक्यात. ‘गेम बूस्टर’ नावाने मिळणारे प्रोग्राम टाकू नयेत. ब्राउझर बंद केल्याने त्याहून जास्त मेमरी सुटते. मोबाइल गेम इम्युलेटरवर (संगणकावर मोबाइलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) खेळायचे असतील तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन चालू असावे. स्टीम या गेमविक्रीच्या सेवेने विंडोज ७ व ८ चा आधार १ जानेवारी २०२४ पासून काढला, आणि विंडोज १० चा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला संपवला.

वळवाच्या पावसात लाईट जाते-येते, तेव्हा चालू गेममध्येच डिस्कवरच्या फायली बिघडतात. छोटा यूपीएस आणि नीट अर्थिंग हाही म्हणून याच खर्चात धरावा.

जुना भाग विकत घेताना कोल्हापुरात एक तपासणी जास्तीची करावी लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पंचगंगेच्या महापुरांत कितीतरी घरे-दुकाने पाण्याखाली गेली, आणि भिजलेले सामान वाळवून पुन्हा बाजारात येऊ शकते. स्क्रूच्या भोकांभोवती गंज, स्लॉटच्या तळाशी गाळाची पिवळसर रेघ किंवा पोर्टच्या आत हिरवट डाग दिसला, तर भाव कितीही पाडून दिला तरी तो बोर्ड घेऊ नये. आणि भिजलेला एसएमपीएस तर घरी आणून लावूनही पाहू नये.